झोर्गची विहीर

प्रश्न असा आला आहे: "शाळेत खंडवहनाच्या धड्यात आल्फ्रेड वेगेनरचं नाव येतं आणि शेवटी 'ग्रीनलँडच्या मोहिमेत मृत्यू' अशी एक ओळ. भूखंड सरकतात असं सांगणारा माणूस बर्फात काय करत होता? त्या काळच्या उत्तरेकडच्या हिममोहिमांतून विज्ञानाच्या हाती खरंच काही लागलं, की नुसतीच माणसं गेली?"

मी हिमनद्यांवर काम करते. वर्षातले काही आठवडे बर्फात खड्डे खणायचे, खड्ड्याची भिंत ब्रशनं साफ करायची, थर मोजायचे, नळीनं नमुना काढून स्प्रिंगच्या काट्यावर तोलायचा, आणि उरलेलं वर्ष त्या आकड्यांशी झुंजायचं, असं हे काम आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे. माझं उत्तर थोडक्यात सांगायचं तर हाती एक विहीर लागली. ग्रीनलँडच्या मधोमध, हातानं खणलेली, सुमारे १५ मीटर खोल. आज आपण "लाख वर्षांपूर्वीचं हवामान बर्फातून कळलं" असं वाचतो, त्याची सुरुवात मी त्या विहिरीपाशी धरते.

आधी वेगेनरबद्दलचा गैरसमज दूर करू. भूशास्त्र हा त्याचा पेशा नव्हता. त्यानं डॉक्टरेट खगोलशास्त्रात घेतली आणि पोट भरलं हवामानशास्त्रावर. १९०६ साली तो आणि त्याचा भाऊ कुर्ट बलूनमधून सलग ५२ तासांहून जास्त हवेत राहिले, तो त्या काळचा विक्रम होता. त्याच वर्षी तो डेन्मार्कच्या मोहिमेबरोबर ईशान्य ग्रीनलँडला गेला आणि तिथे दोन हिवाळे पतंग आणि दोरीचे बलून उडवून वरच्या हवेचं तापमान मोजत राहिला. खंडवहनाची कल्पना त्यानं १९१२ मध्ये मांडली. ग्रीनलँड त्याच्या आयुष्यात त्याच्याही आधी आलं होतं आणि शेवटपर्यंत टिकलं.

त्या पहिल्या मोहिमेतली एक गोष्ट इथे सांगते, कारण ती पुढे लागणार आहे. मोहिमेचा प्रमुख मिलियुस-एरिक्सन आणि त्याचे दोन साथीदार उत्तरेकडे नकाशा काढायला गेले आणि परत आले नाहीत. तिघांतला शेवटचा जिवंत राहिलेला ग्रीनलँडचा यॉर्गन ब्रॉनलुन. पाय गोठलेले असताना तो शिध्याच्या ठिकाणापर्यंत चालत आला, म्हणजे शोधायला येणाऱ्यांना आपण सापडू. त्याच्याजवळ त्याची डायरी आणि साथीदारानं काढलेले नकाशे होते. शोधपथकाला ते मिळाले. मरणाच्या दारातही नोंदी जपायच्या हे ज्यानं केलं, त्याचं नाव पाठ्यपुस्तकात कुठेच नसतं.

एकोणिसाव्या शतकात ग्रीनलँडच्या आतल्या भागाबद्दल माहिती जवळजवळ शून्य होती. किनाऱ्यावरची वस्ती, तिथले फियॉर्ड म्हणजे डोंगरांत खोल शिरलेले समुद्राचे चिंचोळे फाटे, समुद्रात कोसळणारे हिमकडे एवढंच ठाऊक होतं. १८७५ साली नॉर्वेच्या आमुन हेल्लांडनं पश्चिम ग्रीनलँडमधली याकोब्सहाव्हनची हिमनदी दिवसाला सुमारे २० मीटर सरकते असं मोजलं. आल्प्समध्ये दिवसाकाठी काही सेंटिमीटर मोजणाऱ्यांना हे पचायला जड गेलं. स्वीडनचा संशोधक नोर्डेनशेल्ड १८७० आणि १८८३ मध्ये आत शिरला. पूर्ण आत गेलं की हिरवी, बर्फमुक्त जमीन लागेल अशी त्याला आशा होती. ती लागली नाही. पण बर्फावर पडलेली काळी धूळ त्यानं नीट पाहिली, तिला क्रायोकोनाइट हे नाव दिलं, आणि ती धूळ ऊन शोषून खालचा बर्फ वितळवते हेही लिहून ठेवलं. आज हिमालयात काजळीबद्दल आपण जे बोलतो, त्याचा हा पणजोबा म्हणावा. मग १८८८ मध्ये नॉर्वेचा नान्सेन पाच जणांसह स्कीवरून पूर्वेकडून पश्चिमेला पार गेला आणि आत काय आहे हा प्रश्न संपला. आत बर्फ होता, आणि फक्त बर्फच.

मात्र आरपार जाणं आणि समजून घेणं यांत फरक आहे. चालणारा माणूस रोज नव्या जागी असतो. आजचं तापमान, उद्याचं, परवाचं, सगळी वेगवेगळ्या ठिकाणची. हिमनदीचा अभ्यास करायचा तर एका जागी बसावं लागतं, आणि बसायचं तर हिवाळा काढावा लागतो. एरिख फॉन ड्रिगाल्स्कीनं १८९२-९३ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर उम्मान्नाकच्या परिसरात हिमनद्यांच्या काठावर तो काढला. डेन्मार्कचा कोख आणि वेगेनर यांनी १९१२-१३ मध्ये ईशान्येला तो थेट बर्फावरच काढला. सोबत १६ आइसलँडी तट्टं आणि आणखी दोन माणसं. कोख हिमभेगेत पडला आणि त्याचा पाय मोडला. तो बरा होईपर्यंत वेगेनरनं हातानं फिरवायच्या गिरमिटानं बर्फात २० मीटरहून खोल भोक पाडून आतलं तापमान मोजलं. वसंतात ते निघाले, सुमारे १,२०० किलोमीटर चालून पश्चिम किनाऱ्यावर पोचले. तोवर एकही तट्टू उरलं नव्हतं आणि शेवटी सोबतचा कुत्राही खावा लागला. हे वाचताना मी दर वेळी थांबते. त्या जनावरांचा हिशेबही या विज्ञानाच्या खात्यात धरायला हवा.

आता १९३०. वेगेनर पन्नाशीला आलेला, ग्राट्स विद्यापीठात प्राध्यापक. त्यानं आखलेली मोहीम त्या काळाच्या मानानं फार विचारपूर्वक होती. ७१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास तीन ठाणी: एक पश्चिम काठावर, एक पूर्व किनाऱ्यावर आणि एक बरोबर मध्ये, किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीवर. मधल्या ठाण्याचं नाव आइसमिट्टे, म्हणजे बर्फाचा मध्य. तिन्ही ठिकाणी एकाच वेळी वर्षभर हवामानाच्या नोंदी घ्यायच्या. एवढ्या थंड पठारावर हवा कशी वागते आणि अटलांटिकच्या वादळांवर त्याचा काय परिणाम होतो हा मुख्य प्रश्न होता, शिवाय विमानांसाठी अटलांटिकपारचा मार्ग शोधणं त्या वर्षांत सुरू झालं होतं. दुसरं काम बर्फाची जाडी मोजण्याचं. पृष्ठभागावर सुरुंग उडवायचा, त्याच्या लहरी खालच्या खडकावर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते भूकंपमापकानं टिपायचं. आल्प्समध्ये ही पद्धत नुकतीच वापरली गेली होती.

आखणी चांगली होती, पण त्या वर्षी फियॉर्डमधला बर्फ फुटेना. मे महिन्यात पोचलेलं सामान जूनच्या मध्यापर्यंत किनाऱ्याला लागलं नाही. पाच-सहा आठवडे गेले. ज्यानं उत्तरेत काम केलं आहे त्याला याचा अर्थ लगेच कळतो: उन्हाळाच मुळात दोन-अडीच महिन्यांचा, त्यातला निम्मा हातचा गेला. मग शंभर टनांच्या आसपास सामान २५ तट्टांवर आणि माणसांच्या पाठीवर, कामारुयुक हिमनदीच्या उतारावरून हजारेक मीटर वर चढवायचं. मोटरचा पंखा लावलेल्या दोन स्लेजगाड्या आणल्या होत्या. ताज्या भुसभुशीत बर्फात त्या अडकल्या आणि त्या वर्षी आइसमिट्टेपर्यंत पोचल्याच नाहीत. राहिल्या कुत्र्यांच्या स्लेज. कुत्र्यांच्या स्लेजनं ४०० किलोमीटर जायचं तर उचललेल्या वजनातला मोठा वाटा कुत्र्यांच्या खाण्याचाच असतो.

मोहिमेतला योहान्स गेऑर्गी ३० जुलैला आइसमिट्टेला पोचला आणि एकट्यानं नोंदी सुरू केल्या. पुढे एर्न्स्ट झोर्ग त्याला येऊन मिळाला. लाकडी घर यायचं होतं ते आलं नाही. वायरलेस आलं नाही. सुरुंगाचं सामान आलं नाही. रॉकेल कमी होतं. दोघांनी परतणाऱ्या स्लेजबरोबर निरोप धाडला की २० ऑक्टोबरपर्यंत रसद आली नाही तर आम्ही पायी निघू. हा निरोप मिळाल्यावर वेगेनर स्वतः निघाला. २१ सप्टेंबर, १५ स्लेज, फ्रिट्झ लोवे आणि १३ ग्रीनलँडवासी. थंडी आणि वादळ इतकं की वाटेत बारा जण टप्प्याटप्प्यानं परत फिरले. राहिला एकच, २३ वर्षांचा रासमुस व्हिलुमसेन. तिघं ३० ऑक्टोबरला पोचले, चाळीस दिवसांनी, उणे ५० च्याही खालच्या तापमानात. रसद बहुतेक वाटेतच टाकून द्यावी लागली होती.

दरम्यान आइसमिट्टेच्या दोघांनी पुन्हा हिशेब केला होता. रॉकेल जपून वापरलं तर हिवाळा निघतो. ते थांबायचं ठरवून बसले होते. पण वायरलेस नाही, तर कळवणार कसं? या मोहिमेबद्दल मला कुणी विचारलं की काय चुकलं, तर मी धाडसावर बोट ठेवत नाही. निरोप पोचवायचं साधन नसताना निरोपावर अवलंबून असलेली योजना आखली गेली, ही चूक. आमच्याकडे आजही नव्या मुलांना पहिला धडा हाच देतात. सॅटेलाइट फोन बंद पडला तर कोण कधी कुठे असेल, हे निघण्यापूर्वी कागदावर ठरलेलं असलं पाहिजे.

१ नोव्हेंबरला, म्हणजे पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर आणि व्हिलुमसेन १७ कुत्रे घेऊन परत निघाले. लोवेच्या पायाची बोटं गोठून गेली होती, तो मागे राहिला. गेऑर्गीनं खिशातला चाकू आणि पत्रा कापायची कात्री घेऊन ती कापली. भूल नव्हती. तिघं जण बर्फात खोदलेल्या गुहेत राहू लागले.

आणि इथे ती विहीर येते.

झोर्गजवळ सुरुंग नव्हते. म्हणजे ज्या कामासाठी तो आला होता ते हिवाळाभर शक्य नव्हतं. त्याच्याजवळ फावडं होतं, करवत होती, वजनकाटा होता, तापमापी होते आणि वेळ भरपूर होता. गुहेपासून खाली त्यानं खणायला सुरुवात केली. बाहेरचं तापमान उणे ६० च्याही खाली जात होतं. खोदलेला प्रत्येक ठोकळा मोजायचा, तोलायचा, लिहायचा आणि मग वर नेऊन टाकायचा. तो असा सुमारे १५ मीटर खाली गेला.

एवढ्या खोलवर काय दिसतं, हे स्वतः खड्डा खणल्याशिवाय शब्दांत पकडणं कठीण आहे. वरून बघताना बर्फ पांढरा आणि एकसारखा वाटतो. भिंत साफ करून बोट फिरवलं की कळतं, तो एकसारखा मुळीच नाही. उन्हाळ्याचा थर साखरेसारखा रवाळ, हलका, हाताला सुटणारा. हिवाळ्याचा थर बारीक कणांचा, वाऱ्यानं ठोकून बसवलेला, घट्ट. रवाळ, घट्ट, रवाळ, घट्ट, अशी ही वर्षं एकावर एक रचलेली असतात. झाडाच्या खोडातली वलयं मोजावीत तशी ती मोजता येतात. झोर्गच्या विहिरीत अशी सुमारे वीस वर्षं होती. कोणत्या वर्षी किती बर्फ पडला, हे तो तिथे कोणी माणूस नसतानाच्या काळाबद्दल सांगू शकत होता.

दुसरी गोष्ट घनतेची. वरचा बर्फ पाण्याच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा असतो, १५ मीटरवर तो निम्म्याहून जड होतो. वरच्या ओझ्यानं हवा दाबली जाते, कण एकमेकांना चिकटतात. झोर्गच्या लक्षात आलं की एखाद्या ठिकाणी तापमान आणि दरवर्षी पडणारा बर्फ कायम असेल, तर खोलीनुसार घनतेचा आलेख वर्षानुवर्षं तोच राहतो. प्रत्येक थर खाली सरकतो आणि दाबला जातो, पण १० मीटरवर जो कुणी थर असेल त्याची घनता दर वर्षी तेवढीच. हेन्री बाडर या स्विस शास्त्रज्ञानं १९५४ मध्ये याला "झोर्गचा नियम" असं नाव दिलं. साधा वाटतो, पण याच्याशिवाय आजचं काम अडतं. उपग्रह बर्फाच्या पृष्ठभागाची उंची मोजतात. उंची अर्धा मीटर कमी झाली, तर तेवढा बर्फ समुद्रात गेला की वरचा भुसभुशीत थर नुसताच बसला? हे ठरवायला घनतेचा आलेख लागतो. आणि तापमान बदलायला लागलं की नियम कुठे मोडतो हे पाहणं, हाही आता एक अभ्यासाचा विषय आहे.

तिसरी गोष्ट तापमानाची. दहा-पंधरा मीटर खाली उन्हाळा-हिवाळ्याचा फरक जवळजवळ पोचत नाही. तिथे जे तापमान असतं ते त्या जागेचं वर्षाचं सरासरी तापमान. आइसमिट्टेला ते उणे ३० च्या आसपास. एका खड्ड्यातून एका जागेचं हवामान कळतं, वर्षभर न बसता. पुढे ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकावर शेकडो ठिकाणी हीच युक्ती वापरली गेली.

१९३१ च्या उन्हाळ्यात सुरुंग पोचले, आणि आइसमिट्टेखाली अडीच किलोमीटरहून जास्त जाडीचा बर्फ आहे असं निघालं. मधोमध जमीन खोलगट, बर्फानं भरलेल्या वाडग्यासारखी आहे, हे चित्र तिथून तयार होऊ लागलं.

त्याच हिवाळ्यात, तिथून दक्षिणेला, एका ब्रिटिश मोहिमेतला ऑगस्टिन कोर्टाल्ड बर्फावरच्या तंबूत डिसेंबर ते मे असा एकटा राहिला, शेवटचे काही आठवडे तर पूर्ण गाडला गेलेला. त्याचा आणि आइसमिट्टेचा एकमेकांशी संपर्क नव्हता. त्याच पठारावर माणसं एकाच वेळी रोज तापमान लिहीत होती.

पुढचा प्रवास भराभर सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर हे काम माणसांच्या पाठीवरून ट्रॅक्टरवर गेलं आणि पैसा मुख्यतः अमेरिकी लष्कराचा आला. बाडर तिथे वैज्ञानिक प्रमुख होता. कार्ल बेन्सननं १९५२ ते १९५५ मध्ये ग्रीनलँडभर प्रवास करत खड्डे खणले, झोर्गच्याच पद्धतीनं, आणि कोणत्या पट्ट्यात बर्फ कधीच वितळत नाही, कोणत्या पट्ट्यात वितळून खाली मुरतो, याचे विभाग पाडले. बाडरचा आग्रह पुढचा होता: खड्डा जिथे थांबतो तिथून ड्रिल सुरू करा. वायव्य ग्रीनलँडमधल्या थुलेपासून २०० किलोमीटरहून जास्त आत बर्फाखाली बांधलेल्या कॅम्प सेंचुरी या तळावर जुलै १९६६ मध्ये ड्रिल १,३८७ मीटरवर तळाच्या जमिनीला टेकलं. या तळामागचा लष्करी हेतू बर्फाखाली क्षेपणास्त्रं लपवण्याचा होता, हे पुष्कळ नंतर उघड झालं. विज्ञानाला मिळालेल्या संधीची ही बाजू झाकू नये असं मला वाटतं.

ड्रिलनं बाहेर काढलेल्या बर्फाच्या लांब दांड्याला गाभा म्हणतात. त्या गाभ्याला बोलतं केलं डेन्मार्कच्या विली डान्सगार्डनं. १९५२ च्या जूनमध्ये कोपनहेगनला जोराचा पाऊस लागला असताना त्यानं अंगणात बिअरची रिकामी बाटली आणि तिच्यावर नरसाळं ठेवलं आणि पाऊस गोळा केला. ऑक्सिजनचा जड प्रकार पावसात किती आहे हे ढगाच्या तापमानावर अवलंबून असतं, हे त्यातून त्याच्या लक्षात आलं. म्हणजे जुन्या बर्फातला ऑक्सिजन मोजला की जुनं तापमान कळेल. १९६९ मध्ये त्यानं आणि चेस्टर लँगवेनं कॅम्प सेंचुरीच्या गाभ्यातून सुमारे लाख वर्षांच्या हवामानाचा आलेख मांडला. मग १९९२ मध्ये युरोपीय गटानं हिमचादरीच्या सर्वोच्च भागात ३,०२९ मीटर आणि १९९३ मध्ये अमेरिकी गटानं जवळच ३,०५३ मीटर खोल ड्रिल केलं. ती जागा झोर्गच्या विहिरीपासून दीडशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला आहे. त्या दोन गाभ्यांनी सगळ्यांना हादरवणारी गोष्ट पक्की केली: हिमयुगात तिथलं तापमान काही दशकांत आठ-दहा अंशांनी, कधी त्याहून जास्त, उसळी घेत होतं. हवामान नेहमी सावकाश बदलतं ही समजूत तिथे संपली.

कॅम्प सेंचुरीच्या तळातून निघालेली गोठलेली माती कित्येक दशकं फ्रीझरमध्ये विसरली गेली होती. ती पुन्हा सापडली, आणि २०२१ मध्ये कळलं की तिच्यात पानं, काटक्या, शेवाळ आहे. पुढच्या अभ्यासानं ती जागा सुमारे चार लाख वर्षांपूर्वी बर्फमुक्त होती असं दाखवलं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, नमुन्यावरचं लेबल नीट लिहा. तुम्हाला जो प्रश्न सुचला नाही तो पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाला सुचणार आहे. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत बर्फाचे गाभे उणे २० अंशांत ठेवलेले असतात. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत असताना आत अंगभर जाड कपडे घालून अंटार्क्टिकाचा बर्फ करवतीनं कापायचा, हे काम आपल्याकडची मुलं-मुली आज करतात, आणि गाभ्याच्या वरच्या तुकड्यांची घनता मोजताना नकळत झोर्गचाच आलेख काढत असतात.

जुलै २०१२ मध्ये ग्रीनलँडच्या जवळजवळ सगळ्या पृष्ठभागावर वितळण झाली, अगदी शिखरावरही. आधीचा असा थर तिथल्या गाभ्यात १८८९ चा होता. ऑगस्ट २०२१ मध्ये शिखरावर काही तास चक्क पाऊस पडला. ही घटना किती दुर्मीळ हे आपण सांगू शकतो, ते केवळ थर मोजलेले आहेत म्हणून.

"नुसतीच माणसं गेली का?" या भागाचं उत्तर राहिलं. लोवे त्या गुहेतून जिवंत परतला. तो ज्यू वंशाचा होता, नाझी सत्तेवर आल्यावर त्याला देश सोडावा लागला, आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठात त्यानं हवामानशास्त्राचा विभाग उभा केला. पायांची बोटं गमावलेली असूनही तो १९५१ मध्ये अंटार्क्टिकावर पुन्हा हिवाळा काढायला गेला. वेगेनर आणि व्हिलुमसेन पश्चिम ठाण्यावर पोचले नाहीत. तिथल्यांना वाटत राहिलं की ते आइसमिट्टेलाच थांबले असतील, आणि आइसमिट्टेच्या तिघांना वाटत राहिलं की ते सुखरूप पोचले असतील. वसंतापर्यंत कुणालाच खरं कळलं नाही. १२ मे १९३१ रोजी, किनाऱ्यापासून १८९ किलोमीटरवर, बर्फात उभ्या रोवलेल्या स्कीच्या खुणेपाशी वेगेनरचा देह मिळाला. रेनडिअरच्या कातड्यावर निजवलेला, झोपायच्या पिशवीच्या खोळींत नीट शिवून ठेवलेला. गोठल्याच्या खुणा नव्हत्या. अतिश्रमानं हृदय बंद पडलं असावं असा अंदाज आहे. त्याला तिथेच ठेवलं.

हे सगळं व्हिलुमसेननं केलं होतं, एकट्यानं, अंधारात, त्या थंडीत. मग वेगेनरची डायरी बरोबर घेऊन तो पुढे निघाला. काही अंतरापर्यंत त्याच्या मुक्कामाच्या खुणा मिळाल्या, नंतर काहीच नाही. झोर्गच्या घनतेच्या आलेखावरून मोघम हिशेब केला, तर वेगेनरची कबर आज किमान पन्नास मीटर खोल असेल आणि बर्फाबरोबर सावकाश किनाऱ्याकडे सरकत असेल. रासमुस व्हिलुमसेन आणि ती डायरी त्याच वर्षाच्या थरात कुठेतरी आहेत.